ओके नऊ

"किती झाले ओके?" देशिंगकर साहेबांनी तपासणी विभागाच्या दारातूनच विचारलं.

"दहा झाले, साहेब."

"दहाच? आणि ते भिंतीकडेला काय पसरून ठेवलंय?"

भिंतीकडेला मी सदतीस हूक बाजूला काढून ठेवले होते. उसाच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला जोडतात ना, त्या जोडाचे हूक. ओतीव पोलादाचे, एकेक पाच-सहा किलोचा. सदतीसच्या सदतीस हुकांवर मी खडूनं फुली मारली होती.

"ते ओके नाहीत, साहेब. आवाज बद्द येतोय."

"ओके," म्हणत साहेब आत आले.

आता साहेबांच्या या 'ओके'चा अर्थ 'बरं, तुझं पटलं' असा कुणी घेऊ नये. गेटवर वॉचमननं नमस्कार केला की 'ओके'. कुणी रजा मागायला गेलं तरी 'ओके', म्हणजे ऐकलं, एवढंच. त्या 'ओके'वर विसंबून दोन मोल्डर गावच्या जत्रेला गेले आणि परत आल्यावर हातात मेमो पडला. 'ओके ओके' असं दोनदा म्हणाले तर समजायचं की आता गप्प बस. 'ओके ना?' म्हणजे नाही म्हणून दाखव, मग बघतो. आणि फोनवर मालकांशी बोलताना 'ओक्के, दादासाहेब', तेव्हा शब्दाला जोर आणि पाठीला बाक. उचलली जीभ लावली टाळ्याला. कोल्हापूरजवळच्या त्या फाउंड्रीत मी चार वर्षं काढली आणि तो शब्द दिवसातून शंभरदा ऐकला. त्याला ठाम असा अर्थ होता तो फक्त आमच्या पंचावर.

आम्ही पाच तपासनीस होतो. प्रत्येकाला बोटभर लांबीचा पोलादी पंच दिलेला असायचा. त्याच्या टोकाला 'ओके' आणि पुढं ज्याचा त्याचा नंबर. माल डोळ्यांनी बघायचा, मापात बसतो का पाहायचं, मग साखळीला टांगून हातोडीनं ठोकायचा आणि कान द्यायचा. चांगला हूक घंटेसारखा खणखणतो. पोटात पोकळी किंवा चीर असली की बद्द वाजतो. पास झाला की त्यावर पंच धरून एक घाव घालायचा. माझा नंबर चौदा. मगदूम अण्णांचा नऊ.

तवनाप्पा मगदूम हे आमच्यातले सगळ्यात जुने. शिरोळकडचे, डोक्याला पांढरी टोपी, कामाला पंचवीस वर्षं झालेली. आयटीआय करून मी तिथं रुजू झाले तेव्हा 'बाई कुठं लोखंड तपासती?' म्हणून सगळी फाउंड्री दात काढत होती. अण्णांनी माझ्या हातात हातोडी दिली आणि महिनाभर मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मागं ते हूक ठोकायचे आणि मी नुसत्या आवाजावरून सांगायचं. "डोळं झाक, इंदे. डोळ्याला वरचा रंग दिसतोय, कानाला पोट दिसतंय," म्हणायचे. महिन्यानंतर माझा एकही अंदाज चुकेना. मग त्यांनी स्वतः जाऊन साहेबांना सांगितलं, हिला पंच द्या.

आमच्यात एक चाल होती. सकाळची हजेरी गेटवर लागायची, पण दुपारची हजेरी कारकून आमच्या पंचाच्या नंबरावरून धरायचा. कुठल्या नंबरचे किती नग झाले ते तो मोजायचा. नंबर दिसला म्हणजे माणूस हजर. त्यामुळं कुणाला दुपारी निकडीनं जायचं असलं तर मागं राहिलेला त्याच्या पंचानं दहा नग मारून ठेवी. याला आम्ही 'सावली मारणं' म्हणायचो. जाणारा आपला पंच भिंतीवरच्या खिळ्याला टांगून जाई, तो सावलीसाठीच. नियम एकच होता, सावली मारायची ती खणखणीत मालावर. माझा भाऊ आजारी होता तेव्हा अण्णांनी माझी सावली किती वेळा मारली त्याला गणती नाही.

साहेब दारात आले त्या मंगळवारी काकींना, म्हणजे आपल्या बायकोला, घेऊन अण्णा मिरजेला दवाखान्यात गेले होते. त्यांची रजा संपलेली होती. जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली, मीही हलवली. दहा चांगले हूक निवडून मी त्यांच्यावर नऊ मारला. उरलेला सगळा माल एका ओतीचा, म्हणजे एकाच वेळी ओतलेला होता आणि एकजात बद्द वाजत होता.

"हे बघ इंदुमती," साहेब म्हणाले, "कानानं तपासणी कुठल्या पुस्तकात लिहिली आहे? लॅबचा रिपोर्ट संध्याकाळपर्यंत येईल. तो ओकेच येणार."

"मग संध्याकाळी मारते, साहेब."

"गाडी बाहेर उभी आहे. साखर कारखान्यांचा हंगाम चालू आहे, पार्टी रोज फोन करते आहे. मी सांगतोय ना? ओके मार."

"साहेब, एक वाजवून दाखवू का? तुम्हीच ऐका."

"ओके ओके," साहेब म्हणाले. मग आवाज खाली आणून, "तुझी नोकरी पर्मनंट करायचा कागद माझ्या टेबलावर आहे. तो आज जायचाय वर. ओके ना?"

मी पंच उचलला. सदतीस हुकांवर सदतीस घाव घातले. साहेब शेवटचा होईपर्यंत उभे होते. मग "ओके" म्हणून निघून गेले. पाच वाजता गाडी गेली आणि साडेपाचला माझा कागद वर गेला.

तीन आठवड्यांनी गेटवर एक माणूस येऊन बसला. अंकुश मिसाळ त्याचं नाव. बीडकडचा, ऊसतोडीला आलेला. त्याच्यापुढं गोणपाटात गुंडाळलेला मोडका हूक होता. घाटाच्या चढाला मागची ट्रॉली सुटली होती आणि उसावर त्याची बायको बसलेली होती. ट्रॉली उलटली, तिचा पाय चेंगरला आणि मांडीपासून काढावा लागला. वॉचमननं विचारलं, काय पाहिजे बाबा, भरपाई? तर तो म्हणाला, "पैसं नगं. ह्या नंबराचा मानूस कोन हाय तेवढं दावा. मला त्येचं तोंड बगायचंय."

नंबर नऊ होता.

देशिंगकर साहेब येता-जाता त्याला "ओके ओके, चौकशी चालू आहे," म्हणायचे आणि त्याच्या अंगावर धूळ उडवत त्यांची गाडी निघून जायची. तीन दिवस तो तिथंच बसून होता. प्यायला पाणीसुद्धा वॉचमन स्वतःच्या तांब्यातलं द्यायचा.

अण्णांना कळलं ते वॉचमनकडूनच. ते आत आले. हुकावर कुठल्या ओतीचा नंबर आहे ते त्यांनी बाहेर बघून घेतलं होतं. वहीतून त्यांनी तारीख काढली आणि त्यांचं बोट मंगळवारवर थांबलं.

"त्या दिवशी माझी सावली कितीवर मारलीस, इंदे?"

"दहावर, अण्णा."

"खणखणीत हुतं?"

"व्हय. दहाच्या दहा."

शब्दानं मी खोटं बोलले नाही. अण्णांनी वही मिटली. "बरं," म्हणाले आणि हातोडी घेऊन कामाला लागले. मला वाटलं धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. पण धरणी काही असल्या कामाला येत नाही. मी समोरचा हूक उचलला आणि ठोकू लागले.

चौथ्या दिवशी मालकांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. दादासाहेब खुर्चीत होते. बाजूला देशिंगकर साहेब इस्त्रीच्या शर्टात. अंकुश दाराशी उभा होता, त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं. टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर मोडका हूक ठेवला होता. तुटलेल्या तोंडाशी पोकळी दिसत होती, अंगठा जाईल एवढी. मला कामासाठी नव्हे, साक्षीला बोलावलं होतं. त्या दुपारी विभागात मीही होते, म्हणून.

"तवनाप्पा," मालक म्हणाले, "हा पंच कुणाचा?"

"नऊ नंबर माझा हाय, दादासाहेब."

"हा माल तुम्ही पास केला?"

नाही म्हटलं तर 'मग त्या दुपारी कुठं होता' हा पुढचा प्रश्न होता, आणि त्याच्या पुढचा प्रश्न मी होते. अण्णांनी खाली बघत पुन्हा तेच सांगितलं, "नंबर माझा हाय."

"ओके," देशिंगकर साहेब लगेच म्हणाले. त्यांच्याकडे कागद टाइप करून तयारच होता. "दादासाहेब, वयोमानानं कान मंद झालेत त्यांचे. मी मागंच म्हणत होतो. निष्काळजीपणा कबूल करून ते राजीनामा देतील. या माणसाचंही समाधान होईल. इथं सही करा, मगदूम."

पंचवीस वर्षांत त्या माणसाच्या हातून एक बद्द हूक बाहेर गेला नव्हता. त्यांचे कान मंद! अण्णांनी पेनाचं टोपण काढलं.

"एक इच्यारू का?" दारातून अंकुश म्हणाला. "ह्या आकड्याच्या आदुगर दोन अक्षरं हायती. ती काय हायती?"

"ओके," साहेब म्हणाले.

"म्हंजी?"

साहेब अडखळले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणी त्या शब्दाचा अर्थ विचारला असावा. "म्हणजे... ठीक आहे. पास आहे. चांगला आहे."

"कुनी बगून?"

अण्णांनी सहीसाठी कागद जवळ ओढला आणि माझ्या तोंडून शब्द गेला, "मी."

सगळे वळले. अण्णासुद्धा.

"मी बघितला. वाजवून बघितला. तो बद्द वाजत होता, त्याच्यासकट सदतीस हूक बद्द वाजत होते, आणि तरी मी मारला. अण्णा त्या दुपारी नव्हते. काकींना घेऊन दवाखान्यात गेले होते. त्यांनी हे हूक डोळ्यांनी बघितलेसुद्धा नाहीत."

"मग नंबर त्यांचा कसा?" मालकांनी विचारलं.

इथंच थांबता आलं असतं. सावली मारताना गडबडीत तोच पंच हातात राहिला, असं म्हणता आलं असतं. तीन आठवडे मी स्वतःला तेच सांगत होते. पण अंकुश माझ्या तोंडाकडे बघत होता. चार दिवस त्याला जे तोंड बघायचं होतं, तेच हे.

"अण्णांची सावली दहा हुकांवर मारून मी त्यांचा पंच परत खिळ्याला टांगला होता," मी म्हणाले. "माझा चौदा नंबर माझ्या एप्रनच्या खिशात होता. साहेब म्हणाले, ओके मार. मी खिशात हात घातला नाही. खिळ्यावरचा नऊ काढला. मनात आलं, पुढंमागं काही झालं तर अण्णांच्या नंबराला कोण विचारणार? आणि माझं नाव राहील बाजूला."

अण्णांनी पेनाचं टोपण लावलं. हळू लावलं, पण तो आवाज मला अजून ऐकू येतो.

"मी असं काहीही म्हणालेलो नाही," देशिंगकर साहेब ताडकन बोलले. "दादासाहेब, माल पास करायचा अधिकार तपासनिसाचा. मी कशाला कुणाला सांगू? कुठं लेखी आहे?"

"तुम्ही कधी लेखी देता?" माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणायचा नव्हता. "आमचं ओके पोलादावर असतं, साहेब, ते मेल्यावरही पुसत नाही. तुमचं तोंडातलं तोंडात. लॅबचा रिपोर्ट संध्याकाळी येणार होता ना? ओकेच येणार होता ना? तो आला का? मागवा की तो, दादासाहेब! फाइल शेजारच्याच खोलीत आहे."

"असेल फाइलला," साहेब म्हणाले.

मालकांनी फाइल मागवली नाही. त्यांनी मला विचारलं, "त्या दिवशी तुझा पर्मनंटचा कागद गेला होता, नाही का?" मी हो म्हटलं. "म्हणजे नोकरीसाठी तू हे केलंस."

"हो. आणि माल जाण्यासाठी तुम्ही केलंत," मी म्हणाले. ते वाक्य बोलल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

निकाल पाच मिनिटांत लागला. मी खोटा पंच मारला म्हणून मी बाद. अण्णा न सांगता गैरहजर राहिले आणि हजेरी लावून घेतली म्हणून तेही बाद. देशिंगकर साहेबांना मालक म्हणाले, "यापुढं लक्ष ठेवत जा." साहेब म्हणाले, "ओक्के, दादासाहेब." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं मी काही संन्याशीण नव्हते, अर्धी चोर होते. पण दुसरा अर्धा चोर तिथं समोर उभा राहून शर्टाची बाही सरळ करत होता.

बाहेर सायकलींच्या शेडमध्ये मी अण्णांच्या मागं गेले. "अण्णा, माझ्यामुळं तुमची नोकरी गेली."

"गैरहजर हुतो, म्हणून गेली," अण्णा सायकलचं कुलूप काढत म्हणाले. "त्यो गुन्हा माझा हाय. मी तिला दवाखान्यात न्हेलो, मीच गेलो. माझा गुन्हा माझ्या नावावर पडला तर मला त्याचं काय न्हाई. बद्द माल पास केला म्हणून घरी गेलो असतो, तर तोंड दाखवाय आलं नसतं." मग कुलूप हातात धरून ते म्हणाले, "पर तू खिळ्यावरचा नऊ काढलास, ते मला आत, चारचौघांत कळलं. मी तुला इचारलं हुतं की. तवा सांगायचं हुतंस, पोरी."

मी नुसती रडत राहिले. अण्णांनी मला गप्प केलं नाही आणि सोडूनही गेले नाहीत.

गेटवर अंकुश गोणपाट बांधत होता. मी पुढं झाले. वाटलं होतं, हा आता थुंकेल, शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या.

"ताई," तो म्हणाला, "आत बोललाव ते तिला यून सांगा. मी सांगितलं तर तिला खरं वाटायचं न्हाई. ती म्हनती, आसं कुनी जानून करंल व्हय?"

गुरुवारी सकाळी मी एसटी स्टँडवर गेले तर तिथं अण्णा उभे होते. "मी बी येतो. नंबर माझा हाय," एवढंच बोलले. एसटी आमच्या फाउंड्रीच्या नव्या युनिटवरून गेली. तिथं केळीचे खुंट बांधले होते आणि मंडप घातला होता. दाराशी देशिंगकर साहेब सोवळं नेसून उभे होते, बाजूला त्यांच्या बाई नथ घालून. युनिटचे प्रमुख म्हणून सत्यनारायणाला तेच बसणार होते. अण्णांनी खिडकीतून बघितलं आणि तोंड फिरवलं.

सरकारी दवाखान्यात अंकुशची बायको, गोदावरी, खाटेवर बसून होती. वय पंचविशीच्या आत. पांघरुणाखाली एका बाजूला पाय होता आणि दुसऱ्या बाजूला चादर सपाट होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. बद्द आवाज, खिळ्यावरचा पंच, खिशातला पंच. काही वगळलं नाही. माझं झाल्यावर अण्णा म्हणाले, "बाई, नंबर माझा. मी जाग्यावर असतो तर ह्यो माल गेला नसता. मी बी तितकाच हाय."

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे. तिनं चादरीची सुरकुती हातानं सरळ केली.

"तुमी म्हनता मी. ह्ये बाबा म्हंत्यात मी," ती म्हणाली. "मंग ज्यानं तुमाला मार म्हनून सांगितलं, त्यो कुठाय?"

अण्णांनी टोपी काढून हातात घेतली.

मग मी तिला सांगितलं, तो आत्ता, या घटकेला कुठं बसलाय आणि कसली पूजा करतोय ते.